सहावीतल्या मुलीला गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणं कशी समजवावीत?

भाजणीवाली (कराड)

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे. गणितात गुणोत्तर-प्रमाणाचा धडा चालू आहे. नुसतं ‘१५:२५ चं संक्षिप्त रूप लिहा’ म्हटलं की लगेच ३:५ लिहून मोकळी होते. पण तेच उदाहरण शब्दांत आलं की पेन्सिल चावत बसते. पंधरा दिवस झाले, संध्याकाळी आमच्याकडे यावरून रडारड चालू आहे आणि मला आता तिला ओरडायचं नाहीये.

कालचं उदाहरण सांगते. रमा आणि सीमा यांच्याकडच्या बोरांचं गुणोत्तर ५:३ आहे. रमाकडे सीमापेक्षा २४ बोरं जास्त आहेत. तर दोघींकडे मिळून किती? हिनं ५ आणि ३ मिळवून ८ केले, २४ ला ८ नं भागलं, ३ आले. मग रमाची १५ आणि सीमाची ९. ‘बेरीज २४ येतेय की, मग चुकलं कुठं?’ असं मलाच विचारते.

दुसरं उदाहरण तर अगदी सोपं होतं. २ कप दुधाला ३ चमचे साखर लागते, तर ६ कप दुधाला किती? उत्तर लिहिलं ७. विचारलं तर म्हणाली, ‘चार कप वाढले ना, म्हणून चार चमचे वाढवले.’

आणि तिसरं आमच्या घरात कुणालाच तिच्या भाषेत सांगता आलं नाही. आई आणि मुलीच्या वयांचं गुणोत्तर आज ७:२ आहे, १५ वर्षांनी ते २:१ होईल, तर आजची वयं काढा. ह्यांनी क्ष घेऊन उत्तर काढलं, पण एवढं लांब समीकरण तिच्या डोक्यावरून गेलं. शिकवणीच्या सरांनी वहीत एक सूत्र लिहून दिलंय, ‘दिलेला फरक गुणिले लहान संख्या, भागिले गुणोत्तरातला फरक’. ते तिचं तोंडपाठ आहे, पण उदाहरणात बेरीज दिलेली असली तरी ती तेच सूत्र लावते.

मला खरं कोडं पडलंय ते पुढंच आहे. मी घरून थालीपिठाची भाजणी विकते. आमची भाजणी अशी: ज्वारी चार मापं, बाजरी दोन, हरभरा डाळ दोन, तांदूळ दोन, गहू एक, उडीद एक. धणे-जिरे वेगळे. रविवारी सहा किलोची ऑर्डर होती आणि मी फोनवर बोलत होते, तेवढ्यात हिनं धान्य काढूनही ठेवलं. ज्वारी दोन किलो, बाजरी, डाळ, तांदूळ एक-एक किलो, गहू आणि उडीद अर्धा-अर्धा. एक दाणा इकडचा तिकडे नाही. विचारलं, कसं काढलंस? म्हणाली, ‘बारा मापं आहेत, सहा किलोत बसवायची, मग एक माप अर्ध्या किलोचं.’ हे जिला जमतं तिला वहीत का जमत नाही? कुणी शिक्षक असाल तर कृपा करून सांगा.

जुने_गुरुजी

ताई, तुमच्या मुलीला गुणोत्तर येतं. वहीतल्या गुणोत्तराला ती आपलं गुणोत्तर म्हणून ओळखत नाही, एवढीच अडचण आहे.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो, त्यातली शेवटची नऊ पाटण तालुक्यात एका द्विशिक्षकी शाळेत. तुम्ही लिहिलंय त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे ‘माप’. हा शब्द तिचा स्वतःचा आहे, घरातला आहे. पुस्तकात ‘५:३’ दिसलं की मुलं पाच बोरं आणि तीन बोरं समजतात. तिथं पाच मापं आणि तीन मापं आहेत. माप केवढं आहे ते अजून आपल्याला माहीत नाही, आणि ते शोधणं हेच उदाहरण. भाजणी करताना तिनं पहिलं काम तेच केलं. वहीत मात्र ती आकडे दिसल्याबरोबर बेरीज-भागाकाराला लागली.

म्हणून तिला ‘आता काय करायचं, गुणाकार की भागाकार?’ असं विचारूच नका. एवढंच विचारा: दिलेली २४ बोरं किती मापांची आहेत?

आमच्या शाळेत मी रिकाम्या काड्यापेट्यांची आतली खोकी जमवायचो, आणि पोती भरून चिंचोके तर गावातच मिळायचे. एकदा हेच उदाहरण घेतलं होतं. पाचवीतली एक मुलगी होती, फार अबोल. तिनं वर पाच खोकी मांडली, खाली तीन. मी म्हटलं, वरच्या ओळीत खालच्यापेक्षा २४ चिंचोके जास्त आहेत. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं वरची तीन आणि खालची तीन खोकी पालथ्या हातांनी झाकून टाकली. उघडी राहिली दोन. त्या दोन खोक्यांत तिनं एक इकडे, एक तिकडे करत २४ चिंचोके वाटले, बारा-बारा झाले. आणि मग हात उचलून म्हणाली, ‘गुरुजी, म्हणजे सगळ्यांतच बारा की!’ आठ खोकी, शहाण्णव चिंचोके. गुणाकार तिनं फळ्यावर नंतर केला, उत्तर तिला आधीच दिसलं होतं.

ते बघितल्यापासून मी आकडे न बदलता प्रश्न बदलायला लागलो. गुणोत्तर तेच ५:३, संख्या तीच २४. दोघींची मिळून २४ असतील तर ती आठ मापांची, एक माप ३ चं. एकट्या सीमाची २४ असतील तर ती तीन मापांची, एक माप ८ चं, म्हणून रमाची ४०. आणि रमाकडे २४ जास्त असतील तर ती दोन मापांची, एक माप १२ चं. हे तिन्ही एका बैठकीत, एकाखाली एक करून घ्या. तीनदा २४ आणि तीनदा वेगळं उत्तर हे डोळ्यांपुढे आलं की उदाहरणातले शब्द वाचण्यावाचून गत्यंतर नाही हे मूल आपण होऊन समजतं. सूत्र पाठ असलं की शब्द वाचावे लागत नाहीत, नेमका तिथंच घात होतो. नोकरीच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही नियम पाठ करून घेतले. परीक्षेत प्रश्न जरासा फिरवून आला की अख्खा वर्ग एकाच जागी चुकलेला असायचा. त्याची बोच मला अजून आहे.

ताळा मात्र तिच्याकडून करून घ्या. बेरीज २४ आली म्हणून ती खूश झाली, पण बेरीज २४ असावी असं उदाहरणात कुठं म्हटलंय? १५ आणि ९ मध्ये फरक ६ चा. उत्तर आलं की उदाहरण पुन्हा वाचायचं आणि त्यातलं एकेक वाक्य त्या उत्तराला लावून बघायचं.

आता साखर. चार कप वाढले म्हणून चार चमचे, ही चूक मी माझ्या सगळ्या वर्गांत पाहिली आहे. लहान मूल आधी वाढ बघतं आणि पट फार उशिरा बघतं. तिला चूक म्हणू नका, तिच्याच रीतीनं तिला उलटं जायला सांगा. दोन कपांना तीन चमचे. एक कप कमी केला तर दोन चमचे. अजून एक कप कमी केला तर? शून्य कप दुधाला एक चमचा साखर! भांड्यात दूधच नाही आणि साखर घालायची, हे तिचं तिलाच पटणार नाही. मग सांगा, दोन कपांचं पातेलं एकदा चढवलं की तीन चमचे. सहा कपांसाठी ते पातेलं कितीदा चढवायचं? तीनदा. नऊ चमचे.

वयाच्या उदाहरणाला जरा वेळ द्या, कारण तिथं तिची ती ‘वाढ बघायची’ सवयच उपयोगी पडते. मोठी बहीण ६ वर्षांची, धाकटी ३ वर्षांची. धाकटी ६ ची होईल तेव्हा मोठी किती? इथं दुप्पट करून १२ म्हणणारी मुलं असतात, बरोबर उत्तर ९. वयं दोघींची सारखीच वाढतात, म्हणून फरक कधीच बदलत नाही. पहिला धागा हाच.

आज ७:२, म्हणजे फरक पाच मापांचा. १५ वर्षांनी २:१, म्हणजे फरक एका मापाचा. पण फरक तर तेवढाच आहे! मग एवढाच अर्थ निघतो की दुसरं माप पहिल्याच्या पाचपट मोठं आहे. आपल्याला दोन्हीकडे एकच माप हवं, म्हणून २:१ ला १०:५ लिहायचं. आता फरक इकडेही पाच, तिकडेही पाच. आई सात मापांवरून दहावर गेली, मुलगी दोनवरून पाचवर. दोघींची तीन-तीन मापं वाढली, आणि वर्षं वाढली १५. एक माप ५ वर्षांचं. आई ३५, मुलगी १०. ताळा: १५ वर्षांनी ५० आणि २५, म्हणजे २:१.

क्ष चुकीचा आहे असं नाही, सातवी-आठवीत तो हवाच. पण आधी हे दिसलं पाहिजे.

वाळू_खडी

ताई, मी शिक्षक नाही, साइटवर सुपरवायझर आहे. पण गुरुजींनी मापाचं सांगितलं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, कारण आमचं सगळं काम त्यावरच चालतं. विटांच्या बांधकामाला १:६ चा माल म्हणजे सिमेंटचं एक घमेलं आणि वाळूची सहा. प्लॅस्टरला १:४. काँक्रीट १:२:४ म्हणजे एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. नवीन पोरगं कामावर आलं की त्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो, की घमेलं बदलायचं नाही. सिमेंट एका घमेल्यानं आणि वाळू दुसऱ्या मोठ्या घमेल्यानं टाकली तर तोंडानं १:६ म्हणून काही उपयोग नाही. म्हणून मोठ्या कामावर लाकडी पेटी करतो, सिमेंटच्या एका गोणीएवढी. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते, तेवढीच पेटी.

तुमच्या मुलीला अजून एक गोष्ट दाखवा, इथं मोठी माणसंसुद्धा चुकतात. १:६ म्हटलं की लोक म्हणतात सिमेंट सहावा हिस्सा. नाही! एकूण घमेली सात, म्हणून सिमेंट सातवा हिस्सा. वाळूच्या मानानं सिमेंट सहाव्या हिश्शाएवढं आहे, पण सगळ्या मालात ते सातवा हिस्सा आहे. कशाच्या मानानं, हे विचारायला शिकवा.

तसं आमच्याकडे सात घमेली टाकली तरी माल सात घमेली निघत नाही, कमीच निघतो, कारण सिमेंट वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळीत जाऊन बसतं. पुस्तकात हे नसतं. भाजणीला मात्र वजन धरता ते बरंय, वजन कुठं जात नाही.

गिरणाकाठ

वर सगळ्यांनी छान लिहिलं आहे. पण आपल्याकडची जुनी रीत कुणीच सांगितली नाही म्हणून लिहितो, ती म्हणजे त्रैराशिक. माझे आजोबा पाटीवर तीन आकडे मांडायचे आणि क्षणात उत्तर सांगायचे. तीन राशी, प्रमाण, फल आणि इच्छा. पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी, मधली वेगळी. फलाला इच्छेनं गुणायचं, प्रमाणानं भागायचं. ताईंच्या उदाहरणात प्रमाण २ कप, फल ३ चमचे, इच्छा ६ कप. ३ गुणिले ६ म्हणजे १८, भागिले २ म्हणजे ९.

आर्यभटानं ४९९ सालच्या आर्यभटीयात हा नियम दिला आहे. आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, तिच्यात त्रैराशिकाचं पहिलंच उदाहरण केशराचं आहे. ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? (निष्क म्हणजे जुनं नाणं; पल आणि कर्ष ही जुनी वजनं.) उत्तर ५२ पल आणि २ कर्ष, म्हणजे साडेबावन्न पल, कारण ४ कर्षांचा एक पल. मी चाळीसगावचा. आमच्या जवळच्या पाटणे गावाला देवीच्या देवळात शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा. लहानपणी तिथं सहलीला गेलो की आजोबा तो लेख दाखवायचे आणि परतीच्या वाटेवर तोंडी उदाहरणं घालायचे. मुलांना हे सगळं सांगा, गणित परकं वाटणार नाही.

जुने_गुरुजी

गिरणाकाठ, केशराच्या उदाहरणाबद्दल मनापासून आभार, ते अपूर्णांकाचं आहे म्हणून जास्तच गोड आहे. त्रैराशिकाची रीत पक्की आहे यात शंका नाही. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. तीन आकडे मांडून गुणायचं-भागायचं ही सवय आधी लागली की मुलं कुठलेही तीन आकडे मांडतात. मी वर्गात विचारायचो, अंगणात ५ पापड वाळायला २ दिवस लागतात, तर ५० पापड वाळायला किती? निम्मा वर्ग ‘२० दिवस’ म्हणून हात वर करायचा. एखादीच मुलगी, जिच्या घरी खरंच पापड लाटले जातात, ती हसायची. पापड सगळे एकदमच वाळतात, जागा तेवढी जास्त लागते.

भास्कराचार्यांनीही त्रैराशिकाच्या पाठोपाठ व्यस्त त्रैराशिक सांगितलं आहे, इच्छा वाढली की फल कमी होतं त्या जागांसाठी. आपल्या सातवीच्या पुस्तकात समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण जोडीनं येतात ते त्यासाठीच. एक वाढलं की दुसरं वाढतं, कमी होतं, की त्याला काहीच होत नाही, हा विचार आधी करायचा आणि मगच तीन राशी मांडायच्या. तुमच्या आजोबांनी तोंडी उदाहरणं घातली ती चालता चालता. ती वाट, तो व्यवहार तुमच्या डोळ्यांपुढे होता. आजच्या मुलांपुढे नुसता छापील कागद आहे.

सुपरवायझर साहेब, ‘कशाच्या मानानं’ हा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. पुढच्या वर्षी सहावीत शेकडेवारी येते तेव्हाही तोच लागतो.

दुरुस्ती: शेकडेवारी सहावीतच आहे, गुणोत्तर-प्रमाणाच्या लगेच पुढचा धडा. ‘पुढच्या वर्षी’ चुकून लिहिलं.

सहावीची_आई_सिंगापूर

आम्ही आठ वर्षं सिंगापूरला आहोत, मुलगा इथल्या सरकारी शाळेत सहावीत आहे. इथं वर्षाच्या शेवटी सहावीच्या सगळ्या मुलांची मोठी परीक्षा असते आणि गुणोत्तर तिथं हमखास. इथली मुलं चिंचोक्यांऐवजी पट्ट्या काढतात. ५:३ असलं की वर पाच सारखे चौकोन, खाली तीन. ही पद्धत इथल्या शाळांत १९८० च्या दशकापासून आहे. गुरुजींची खोकी वाचून मला भरूनच आलं, कारण अगदी तेच चित्र आहे.

इथं ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं काढायला लावतात आणि काय बदललं नाही ते पहिल्यांदा शोधायला सांगतात. वयात फरक बदलत नाही हे वर आलंच. एकानं दुसऱ्याला काही दिलं तर दोघांची बेरीज बदलत नाही. उदाहरणार्थ दोघांकडच्या गोट्या ५:३, पहिल्यानं दुसऱ्याला १० दिल्या आणि दोघांकडे सारख्या झाल्या. एकूण मापं आठच, आता चार-चार. म्हणजे एकच माप इकडून तिकडे गेलं, ते १० चं. आधी ५० आणि ३० होत्या.

आणि तिसरा प्रकार, ज्यात एकच बाजू बदलते. वर्गात मुलगे आणि मुली ३:४. दोन नवीन मुलगे आले आणि ते ५:६ झालं. मुली तेवढ्याच आहेत, म्हणून ४ आणि ६ दोन्ही बाराला न्यायचे. ९:१२ चं १०:१२ झालं. वाढलेलं एक माप म्हणजे ते दोन मुलगे. मुली २४, मुलगे आधी १८. माझ्या मुलाला हा प्रकार सगळ्यात उशिरा कळला, त्यामुळे घाई करू नका असंच सांगेन.

भाजणीवाली (कराड)

सगळ्यांचे आभार कसे मानू तेच कळत नाही. चार दिवस झाले, काय झालं ते सांगते.

काड्यापेट्या घरात नव्हत्या. मेतकुटाच्या छोट्या डब्या होत्या, पन्नास ग्रॅमच्या. त्या आठ घेतल्या, आणि चिंचोक्यांऐवजी पावटे. बोरांचं उदाहरण मांडलं आणि मी काही न बोलता बसून राहिले, गुरुजी, तुम्ही सांगितलंत तसा एकच प्रश्न विचारून. पहिल्यांदा तिनं २४ पावटे आठही डब्यांत वाटायला घेतले. तीन-तीन झाले. मी विचारलं, ‘वर किती जास्त झाले?’ मोजले, सहा. मग गप्प. मग सगळे पावटे परत ताटात ओतले आणि खालच्या तीन डब्या हळूच वरच्या तीन डब्यांखाली सरकवून जोड्या लावल्या. उरलेल्या दोन डब्यांकडे बोट दाखवून म्हणाली, ‘जास्त म्हणजे ह्याच.’ त्यानंतर मी काहीच सांगितलं नाही. ९६ लिहिलं, आणि लिहून झाल्यावर म्हणाली, ‘आई, हे भाजणीसारखंच आहे, पण उलटं.’ उलटं का, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. रात्री लक्षात आलं. भाजणीत आम्हाला सगळ्याचं वजन माहीत असतं, इथं नुसता फरक माहीत होता.

साखरेचं ‘शून्य कप दुधाला एक चमचा’ ऐकून पोट धरून हसली आणि तिनंच आजीला जाऊन सांगितलं. ७ परत लिहिलेलं नाही. वयाचं अजून डळमळतं, २:१ ला १०:५ का लिहायचं ते काल कळलं आणि आज पुन्हा विसरली. सिंगापूरच्या ताईंचं मुलगे-मुलींचं मात्र तिला लगेच पटलं, कारण म्हणे ‘मुली कुठं गेल्याच नाहीत ना’.

शिकवणीतलं सूत्र तिनं स्वतः वहीत तपासून पाहिलं, की ते का बरोबर येतं. फरकाला गुणोत्तरातल्या फरकानं भागलं की एक माप येतं आणि त्याला लहान संख्येनं गुणलं की लहान बाजू. म्हणाली, ‘म्हणजे हे फक्त फरक दिला असला तरच.’ मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

आज सकाळी तिनं स्वतः एक उदाहरण तयार केलं आहे. बाजरी उष्ण म्हणून उन्हाळ्यात मी भाजणीत ती कमी करते, त्यावरून. तिच्याच शब्दांत लिहिते: ‘आईच्या भाजणीत ज्वारी आणि बाजरीचं गुणोत्तर २:१ असतं. उन्हाळा आला म्हणून आईनं ज्वारी तेवढीच ठेवली आणि बाजरी अर्धा किलो कमी केली. आता गुणोत्तर ४:१ झालं. तर आधी ज्वारी किती आणि बाजरी किती?’ गुरुजी, उत्तर तुम्हीच काढून पाठवायचं आहे, तपासायचं काम तिचं.

जुने_गुरुजी

बाळ, तुझं उदाहरण वाचून झालं की लगेच पाटी घेतली. हे माझं उत्तर.

ज्वारी बदलली नाही, म्हणून दोन्हीकडे ज्वारी चार मापं धरली. २:१ म्हणजे ४:२. आधी बाजरी दोन मापं होती, आता एक माप आहे. कमी झालं एक माप, आणि कमी केली अर्धा किलो. म्हणून एक माप अर्ध्या किलोचं. ज्वारी चार मापं म्हणजे दोन किलो. आधीची बाजरी दोन मापं म्हणजे एक किलो.

ताळा: दोन किलोला एक किलो हे २:१. दोन किलोला अर्धा किलो हे ४:१. रविवारच्या सहा किलोच्या ऑर्डरला तू काढलेली ज्वारी आणि बाजरी हीच होती ना?

आता माझा तुला एक प्रश्न. उन्हाळ्यात बाजरी अर्धा किलो कमी झाली आणि बाकी सगळं तेवढंच राहिलं. मग त्या साडेपाच किलो भाजणीत बाजरी कितवा हिस्सा? आईला विचारू नकोस, डब्या मांड. उत्तर इथंच लिही, आणि माझं वरचं तपासून झालं की मला गुणही दे.